भवानीचं गिऱ्हाईक

दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, एवढं मला आधीपासून माहीत होतं. पण भवानीच्या गिऱ्हाइकाला कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, हे मला रोडपालीत कळलं, तेही चाळिशी उलटल्यावर. आता आम्ही नव्या पनवेलला राहतो. सकाळी मासळी बाजारावरून जाताना एखादी कोळीण पहिल्या विक्रीची नोट कपाळाला लावताना दिसली की माझी पावलं रेंगाळतात. मी काही मोठी मासेखाऊ नव्हे. आमच्याकडे सासूबाईंच्या धाकाने अंडंसुद्धा गॅलरीत उभं राहून खावं लागतं. पण ती नोट पाहिली की मला नाखवा आठवतात, आणि बाजारात उभ्या उभ्या हसू येतं.

नाखवा रोडपालीत आमच्या समोरच्या दारात राहायचे. त्यांचं नाव हरिश्चंद्र, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. मूळचे करंजा बंदराचे. होडीचा मालक तो नाखवा. यांची होडी केव्हाच विकली गेली होती, पदवी तेवढी उरली होती. मुलगा विनोद द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर, सून बेलापूरला नोकरीला. त्या दोघांनी रोडपालीत फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना तिथे आणलं, कारण आईचं डोकं फिरायला लागलं होतं. ‘डोकं फिरलं’ हे गावातल्या लोकांचं म्हणणं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. नाखवा यातला एकही शब्द वापरायचे नाहीत. ते म्हणायचे, “तिचा नांगर सुटलाय. होरी बुरली नाय.” त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ व्हायचा, होडीची होरी.

खुर्चीवर बसलेले नाखवा मी पाहिले नाहीत. आमच्या दोन दारांमधल्या मोकळ्या जागेत, जिन्याच्या खिडकीखाली, उकिडवे बसून ते जाळं विणायचे. अंगात विनोदच्या गोदामाचा टी-शर्ट, खाली चौकड्याची लुंगी. कोणासाठी विणताय असं विचारलं की म्हणायचे, “हातांसाठी.” नायलॉनच्या दोऱ्याच्या पिशव्या त्यांनी आख्ख्या बिल्डिंगला करून दिल्या. गाठी मारण्याचं तर त्यांना वेडच होतं. कपड्यांची दोरी, गॅसची नळी, सोसायटीच्या फाटकाचं निखळलेलं बिजागर, जिथे बघावं तिथे नाखवांची गाठ. आमचे चेअरमन शिंदेसाहेब म्हणायचे, ही बिल्डिंग सिमेंटवर उभी नाही, नाखवांच्या दोरावर उभी आहे.

त्या दोराचा सगळ्यात मोठा फायदा झाला आमच्या सासूबाईंना. सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचे गुडघे गेले होते आणि बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. पहिलाच मजला, पण त्यांनी उतरणं सोडून दिलं होतं. दिवसभर गॅलरीत बसून खालून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या चुका काढायच्या, एवढाच उद्योग. त्यामुळे खालची माणसं सुधारली की नाही ते ठाऊक नाही, पण माझं डोकं मात्र उठायचं.

“मास्तरीणबाय खाली कनाला येत नाय?” नाखवांनी एकदा मला विचारलं.

मी म्हटलं, “गुडघे, काका. कठडा हाताला निसटतो म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी पाहते तर कठड्याला वरपासून खालपर्यंत जाड दोर आवळलेला, आणि प्रत्येक पायरीपाशी मूठ बसेल एवढी गाठ. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. “मी काय आता विहिरीतून पाणी शेंदू?” म्हणाल्या. आठवड्याभराने मी ऑफिसातून आले तर बाई खाली बाकावर बसलेल्या, आणि तिथे बसून वरच्या गॅलऱ्यांमधल्या लोकांच्या चुका काढणं चाललेलं. मी नाखवांचे आभार मानायला गेले. ते जाळ्यावरून मानही न उचलता म्हणाले, “दोर माझा. हिंमत त्यांची.”

मथुराकाकी म्हणजे नाखवांची बायको. उंच, सावळी, कपाळावर गोंदण, नेसणं कायम हिरवं लुगडं. सारा जन्म करंजाच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावात गेलेला. आता तिला मुलाचं नाव सापडायचं नाही, घरातली मोरी सापडायची नाही. नवऱ्याला ती कधी मामा म्हणायची, कधी “कोन रं तू?” म्हणून विचारायची. पण दुपारचे चार वाजले की तिला कसं कोण जाणे कळायचं. होड्या लागल्या असतील, लिलाव सुरू झाला असेल, असं तिच्या मनाने घ्यायचं आणि ती दाराकडे धावायची. दार बंद असलं की मुठींनी बडवायची. तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा.

ग्रिलचं दार बसवा आणि बाहेरून कुलूप लावा, असा सल्ला सगळ्यांनी दिला. शिंदेसाहेबांनी दिला, विनोदच्या सासऱ्यांनी दिला, विनोदलाही तो पटला. नाखवांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कुलूप नाय.” पुढे त्यावर कोणी काहीही बोललं तरी ते हेच दोन शब्द म्हणत राहिले.

त्यांचं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आत्याला असंच झालं होतं. तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. “दार खरवडायची ती,” नाखवा म्हणाले. “आमी पोरा भायेर खेलायचो आनी आतशी खर्र खर्र आवाज. मेली तवा बोटांना नखा नव्हती. तवा मी ल्हान व्हतो, ताय. आता ल्हान नाय.” एवढं बोलून त्यांनी दोऱ्याला इतक्या जोरात पीळ दिला की दोरा तुटला.

तेव्हा कुलूप नाही म्हणजे दार उघडं, आणि दार उघडं म्हणजे रोज चारला मथुराकाकी रस्त्यावर. ती पुढे आणि नाखवा दोन दुकानं मागे. शेजारून चालायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, हात धरून का नेत नाही? तर म्हणाले, “हात धरला का ती कैदी झाली. तिला वाटला पायजे का ती कामाला चालली हाय.”

पण तिला परत कसं आणायचं, हे त्यांनाही सुरुवातीला जमत नव्हतं. “घरी चल” म्हटलं की ती पेटायची. घर करंजाला, हा कोण मला भलतीकडे नेणारा? ती कंपाउंडच्या खांबाला धरून बसायची आणि रस्त्यावर माणसं जमायची. असाच एक दिवस ती कोपऱ्यावरच्या रामसजीवन भाजीवाल्याच्या गाडीपाशी थांबली, हातातल्या रिकाम्या टोपलीत त्याचे बटाटे भरले, आणि तिथेच फुटपाथवर बैठक मारून लिलाव पुकारायला लागली. पापलेट, ताजं पापलेट! रामसजीवन बिचारा “अम्मा, अम्मा” करत हात जोडतोय, पोरं मोबाईल काढून उभी. तेवढ्यात नाखवा मागून वळसा घालून समोरून आले, कुठल्याही परक्या गिऱ्हाइकासारखे उभे राहिले, आणि म्हणाले, “काय बाय, भवानी झाली का?”

काकीने वर पाहिलं. चेहऱ्यावरचा सगळा गोंधळ एकदम निवला, असं रामसजीवन अजून सांगतो. “नाय झाली,” ती म्हणाली. “तूच पयला. बोल.”

मग घासाघीस झाली. नाखवांनी भाव पाडला, तिने त्यांची अक्कल काढली, ते दोन पावलं निघून गेले, तिने परत बोलावलं. टोपलीतलं पापलेट विकलं गेलं. टोपली रिकामी झाल्यावर काकी उठली, लुगडं झटकलं, “झाला बाजार,” म्हणाली, आणि आपल्या पायांनी घराकडे वळली. विकून झाल्यावर बाई दुसरं कुठे जाणार?

त्या दिवसापासून रोज तिच्या टोपलीत बटाटे असायचे. पुढे पुढे सगळी गल्लीच गिऱ्हाईक झाली. विकत घेतलेले बटाटे आम्ही रात्री नाखवांच्या दारात नेऊन ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लिलावात यायचे. कोंब फुटेपर्यंत एकच माल फिरत राहायचा. शेवटचा एक बटाटा मात्र ती कधीच कोणाला द्यायची नाही. तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायची. नाखवा म्हणायचे, “इकनारी बाय घरचा वाटा बाजूला काढतेच. हातांची सवय हाय.” सून रात्री पदर सोडून तो परत डब्यात टाकायची.

याचे नियम होते आणि ते न पाळलेले नाखवांना खपायचे नाहीत. पहिला नियम असा, की घासाघीस केलीच पाहिजे. शिंदेसाहेब पडले सज्जन गृहस्थ. एकदा ते पहिल्याच भावाला “हो हो, द्या” म्हणाले आणि वर आणखी पन्नासची नोट पुढे केली. काकीने ती नोट त्यांच्या बुटांवर फेकली. “मी भिकारीन हाय का?” म्हणाली, आणि नाखवांकडे वळून, “हा गिऱ्हाईक नाय वाटत. भाव इचारत नाय तो चोर तरी नायतं येरा.” साहेब लालबुंद झाले. नाखवांनी त्यांना बाजूला घेऊन घासाघीस कशी करायची ते शिकवलं. जन्मात मासा न शिवलेल्या आमच्या सासूबाईंनी मात्र हे लगेच आत्मसात केलं. बाकावर बसून, चष्मा सावरत, बटाटा उलटा करून त्या विचारायच्या, “कल्ले लाल दिसत नाहीत हो याचे. कालचा दिसतोय.” काकीला अशा गिऱ्हाइकाशी भांडायला फार आवडायचं. दोघी एकमेकींचा पाणउतारा करत अर्धा अर्धा तास बसायच्या. त्या अर्ध्या तासात नाखवा भिंतीला टेकून डोळे मिटायचे. त्यांना तेवढीच विश्रांती मिळायची.

घरातही त्यांनी हीच युक्ती चालवली. काकी जेवायला बसेना, अंघोळीला उठेना, औषध तोंडातून काढून टाके. मग नाखवा दाराबाहेर जायचे, बेल वाजवायचे आणि बाहेरूनच म्हणायचे, “भवानीचं गिऱ्हाईक हाय गो. पन धनीन जेवल्याबिगर मी माल नाय घेत.” भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं म्हणून ती दोन घास खायची. स्वतःच्याच घराबाहेर उभं राहून स्वतःच्याच दाराची बेल वाजवणारा तो म्हातारा मी कितीदा पाहिला असेल. कधी त्यांच्या कपाळावर आठी दिसली नाही. “वल्हा हातान असला का कंचा बी वारा चालते,” म्हणायचे.

एवढं सगळं चाललेलं असताना त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि आमच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता. पत्ता लागणार कसा? जाळं ते बोटांनी विणायचे. भाजी हाताने चाचपायचे. माणूस पायांच्या आवाजावरून ओळखायचे. आणि काकीच्या मागे जाताना त्यांना चेहरा लागतच नव्हता, पुढे हलणारं हिरवं लुगडं दिसलं की पुरे.

रोडपालीत हिरवं लुगडं नेसणारी बाई एरवी शोधून सापडायची नाही. पण त्या दिवशी कळंबोलीत लग्न होतं, आजूबाजूच्या गावांतून पाहुणे आले होते. नाखवा नेहमीप्रमाणे दोन दुकानं मागे राहून चालत राहिले. सेक्टर ओलांडला, मैदान ओलांडलं, देवळापाशी आले, तेव्हा पुढची बाई गर्रकन वळली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, “काय रं म्हाताऱ्या, मगाशीपासना माझे मागं मागं का फिरतंस?”

आवाज मथुराकाकीचा नव्हता.

पुढचा तासभर शोधाशोध चालली. सगळी बिल्डिंग रस्त्यावर उतरली. काकी सापडली ती महामार्गाच्या कडेला, जिथून बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रक घरघरत जातात तिथे. डांबरावर बैठक मारून ट्रकवाल्यांना पापलेट विकत होती. पायात चप्पल नाही, तळव्यांना फोड. एका ड्रायव्हरने आपला ट्रक आडवा घालून तिच्या मागची गाड्यांची रांग थोपवून धरली होती, म्हणून ती वाचली. नाखवा तिच्याजवळ पोचले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. “भवानी झाली का?” हे त्या दिवशी रामसजीवनने विचारलं.

त्याच संध्याकाळी विनोद कुलूप घेऊन आला. पुठ्ठ्याच्या पाकिटातलं नवं कोरं पितळी कुलूप. आम्ही सगळे दोन दारांमधल्या त्या जागेतच उभे होतो. नाखवा खिडकीखाली उकिडवे बसले होते, पण हातात जाळं नव्हतं.

“बाबा, आई ट्रकखाली गेली असती तर?” विनोद म्हणाला. ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो रडत होता.

“माझी चूक हाय,” नाखवा म्हणाले. “मना दिसत नाय आता. दोनी डोले धुरकट झालेत.”

विनोदला हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी तो त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. ऑपरेशन लहानसं आहे, त्यांनी सांगितलं, पण नंतर काही आठवडे धूळ नको, वाकणं नको, रस्त्यावर भटकणं नको. एक डोळा झाला की मग दुसरा. नाखवा घरी आले आणि म्हणाले, ऑपरेशन नाय. तिच्या मागं कोन जावाचं? नाखवा झोपला तं होरी खडकावर. विनोद म्हणाला, मग कुलूप. नाखवा म्हणाले, कुलूप नाय. बाप आणि मुलगा दोन दारांमध्ये असे उभे राहिले, की कोणाची बाजू घ्यावी ते मला कळेना. दोघंही तिच्यासाठीच भांडत होते.

तेव्हा आमच्या दारातून सासूबाई बोलल्या. “नाखवा, तुमच्या होडीवर माणसं किती असायची?”

“असायची सहा-सात.”

“एवढी कशाला? तुम्हाला एकट्याला वल्हवता येत नव्हतं?”

“एकटा कोन जाते दर्यान, मास्तरीणबाय? मरेल तो.”

“मग इथे काय करताय तुम्ही?”

नाखवांचे हात रिकामेच लुंगीच्या काठाला गाठ मारायला लागले. मग म्हणाले, “खलासी कुठशी आनू?”

“मंगळवार माझा,” सासूबाई म्हणाल्या. “मला चालता येत नाही, मी खाली बाकावर बसेन. गिऱ्हाईक बसलेलं चालतं ना?”

मग शिंदेसाहेब म्हणाले, गुरुवार माझा. रामसजीवन म्हणाला, मैं तो रोज हूं ही. मी शनिवार घेतला, उरलेले वार बिल्डिंगमधल्यांनी वाटून घेतले. विनोदने कुलूप पँटच्या खिशात घातलं. “ऑपरेशन होईपर्यंत थांबतो,” म्हणाला. “तेवढ्यात आई एकदा जरी हरवली तर मी कोणाचंही ऐकणार नाही.” नाखवांनी मान हलवली. त्यांना तो सौदा मान्य होता.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी आमच्याकडून जी कवायत करून घेतली, तशी शाळेत पीटीच्या मास्तरांनीही घेतली नव्हती. कंपाउंडमध्ये स्वतः मथुराकाकी बनून पुढे चालायचे आणि आम्ही मागे. “जवल नको! साव्लीला पाय लागाला नको!” नवरा कुठे विचारलं तर काय सांगायचं? “घोव दर्यावर गेलाय, असा सांगा. खोटा नाय त्यात. सारा जल्म मी दर्यावरच व्हतो.” पाणी कुठे पाजायचं, कुठल्या कुत्र्याला ती घाबरते, कुठे ऊन लागतं, सगळं घोकून घेतलं. आणि प्रत्येकाला बजावलं, “आपली पाली संपली का आपले घरी जावाचं आनी निजाचं. दमलेला खलासी कामाचा नाय.” स्वतः कधी पाळी न बदललेले नाखवा हे आम्हाला सांगत होते, तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रविवारी विनोदची पाळी होती. मी दूध घेऊन येत होते म्हणून मला सगळं दिसलं. काकी नेहमीच्या कोपऱ्यावर थांबलीच नाही, थेट महामार्गाच्या दिशेने निघाली. रामसजीवनची गाडी त्या दिवशी नव्हती. विनोद घाबरला, धावत जाऊन त्याने तिचा दंड धरला. “आई, घरी चल. आई!” नेमकं जे करायचं नाही तेच. तिने हिसडा दिला. “कोन तू? सोर मना! माझा बाजार चाल्ला!” आणि ती आणखी जोरात चालू लागली. पुढे ट्रकचे आवाज ऐकू येत होते.

विनोद तिथेच उभा राहिला. त्याचा हात खिशाकडे गेला, कुलपाच्या खिशाकडे. मी हाक मारणार तोच तो एकदम पळत सुटला. बाजूच्या गल्लीतून वळसा घालून तिच्या समोर आला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि धापा टाकत म्हणाला, “बाय... ओ बाय, भवानी झाली का?”

काकी थांबली. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“नाय झाली,” ती म्हणाली. “बस. पानी पी आदी. धावत कनाला आलास? माल काय पलून जातंय?”

सुपरवायझर साहेब रस्त्याच्या कडेला मातीत बसले आणि स्वतःच्या आईशी बटाट्याच्या भावावरून भांडले. घासाघीस त्याला फार बरी जमली, कोळणीचाच मुलगा तो. परत आला तेव्हा शर्टाच्या ओच्यात बटाटे होते. दुसऱ्या दिवशी ते पितळी कुलूप त्याने शिंदेसाहेबांना देऊन टाकलं. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला ते लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही रोडपाली सोडली. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लिफ्टची बिल्डिंग घेतली होती. पण त्यांनी अट घातली, की मंगळवारी मला रिक्षाने इथे पोचवायचं, नाहीतर मी कुठे येत नाही. नाखवांचं कुटुंब करंजाला परत जाईपर्यंत त्यांनी एक मंगळवार चुकवला नाही.

आमचं सामान हललं तो दिवसही मंगळवारच होता. टेम्पो फाटकाशी लागला होता, कपाटं उतरत होती. सासूबाई आपल्या बाकावर पाळीला बसल्या होत्या. शेजारी नाखवा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावलेला. फाटकाबाहेर जायला त्यांना बंदी होती. बाकावरही ते उकिडवेच बसले होते. काकी कोपऱ्यावरच्या रामसजीवनपाशी बाजार आटपून आली. टोपली रिकामी, पदराच्या टोकाला नेहमीची गाठ. बाकापाशी येऊन तिने काळ्या चष्म्याच्या माणसाकडे पाहिलं, आणि ओळखलं नाही.

नाखवांना काय वाटलं कोण जाणे. तो शेवटचा बटाटा त्यांनी आजवर कधी मागितला नव्हता. पदराकडे बोट करून म्हणाले, “बाय, त्यो एक दे ना. मी घेतो.”

“त्यो इकाचा नाय,” काकी म्हणाली.

“कनाला? चांगला भाव देतो.”

“सांगला ना, इकाचा नाय.” तिने पदर मुठीत घट्ट धरला. “माझा घोव दर्यावर गेलाय. आला का त्याला जेवाला नको?”

टेम्पोवाला मला काहीतरी विचारत होता. मी त्याला हाताने गप्प केलं.

नाखवांनी चष्मा काढला. सासूबाई दटावून म्हणाल्या, “डोळ्यांना हात लावू नका, डॉक्टरांनी सांगितलंय.” नाखवा आता धड दिसणाऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “आनी नाय आला तं?”

“येल,” काकी म्हणाली. “लांब जाते, पन येते.”

तिने रिकामी टोपली कमरेला लावली आणि जिन्याकडे वळली. नाखवा उठले, लुंगी झटकली, चष्मा परत लावला. कठड्याच्या दोराची पहिली गाठ हातात धरून थांबले, तिला दोन पायऱ्या पुढे जाऊ दिलं, आणि मग तिच्या मागून वर चढू लागले. वर त्यांच्या घराचं दार उघडंच होतं.